बर्बेरा: दर एप्रिलला गुंडाळून ठेवलं जाणारं बंदर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सोमाली किनारा म्हटलं की लोक थेट समुद्री चाच्यांवरच येतात, त्यामुळे त्याच त्याच प्रश्नांची उत्तरं देऊन कंटाळा आलाय, म्हणून सगळं एकदाच इथे टाकतोय. क्रम फार बघू नका, जसं आठवलं तसं लिहिलंय.

बर्बेरा नेमकं आहे कुठे?

नकाशात आफ्रिकेचं ते गेंड्याच्या शिंगासारखं टोक दिसतं ना, त्याच्या वरच्या कडेला, एडनच्या आखातावर. समोर पाण्यापलीकडे अडीचशे किलोमीटरच्या आसपास येमेनमधलं एडन. मागे हर्गेसा हे मोठं शहर, रस्त्याने साधारण १६० किलोमीटर. अक्षांश बघितला तर आपल्या कोचीच्या अगदी जवळचा, आणि इथेच गंमत आहे, कारण कोची पावसात भिजून चिंब आणि बर्बेरात वर्षाला जेमतेम ५० मिलिमीटर पाऊस.

असं का? मान्सून तर तोच ना?

मान्सून तोच, पण येतो उलट्या बाजूने. आपल्याकडे नैऋत्येचे वारे समुद्रावरून ओलावा घेऊन येतात आणि सह्याद्रीला धडकून रिकामे होतात. बर्बेरात तेच वारे पाठीमागून, म्हणजे जमिनीवरून येतात आणि गोलिस डोंगर उतरून खाली किनाऱ्यावर आदळतात, तोवर ते कोरडे ठणठणीत आणि भट्टीसारखे तापलेले. या वाऱ्याला तिथे खरीफ म्हणतात. हो, आपल्या खरीप हंगामाचा आणि हा शब्द एकच, अरबीतून आलेला. फक्त आपल्याकडे खरीप म्हणजे पेरणी आणि तिथे म्हणजे तोंडावर धुळीचा मारा. किनाऱ्याच्या त्या सगळ्या सपाट पट्टीला सोमालीत गुबान म्हणतात, अर्थ सरळ, जळालेली जमीन. जून ते ऑगस्ट पारा ४० च्या वर, आणि ज्यांना जमतं ते बिऱ्हाड उचलून वर डोंगरात शेखला किंवा हर्गेशाला जातात. शेख जवळपास दीड किलोमीटर उंचावर आहे, म्हणजे तिथलं महाबळेश्वरच समजा, स्ट्रॉबेरी सोडून.

मग एवढ्या भट्टीत बंदर कशाला काढलं लोकांनी?

कारण जहाजाला ऊन लागत नाही, लाटा लागतात. बर्बेराच्या समोर पूर्वेकडून वाळूचा एक लांब दांडा समुद्रात गेलाय, किनाऱ्याला समांतर, आणि त्याच्या आत पाणी शांत आणि खोल. या बाजूच्या किनाऱ्यावर इतका चांगला नैसर्गिक आडोसा दुसरा मिळणं कठीण. वर मागच्या डोंगरात शेखची खिंड आहे, तिथून उंटांचे तांडे खाली उतरू शकतात, आणि जवळच दुबारला गोड्या पाण्याचे झरे आहेत. आडोसा, खिंड, पाणी, बंदराला एवढं पुरतं. सावली त्या यादीत येत नाही.

देश कुठला धरायचा, सोमालिया की सोमालीलँड?

हा प्रश्न तिथल्या माणसासमोर जपून विचारा. हा भाग आधी ब्रिटिश सोमालीलँड होता, २६ जून १९६० ला स्वतंत्र झाला आणि पाचच दिवसांनी, १ जुलैला, इटलीच्या ताब्यातून सुटलेल्या दक्षिण भागाशी एकत्र होऊन सोमालिया देश बनला. पुढे हुकूमशाही, यादवी, १९८८ मध्ये स्वतःच्याच सरकारच्या विमानांनी हर्गेशावर बॉम्ब टाकले, आणि १८ मे १९९१ ला उत्तरेने आम्ही वेगळे म्हणून जाहीर केलं. तेव्हापासून सोमालीलँडचं स्वतःचं चलन, स्वतःचं सरकार, निवडणुका. पण जगातले बहुतेक देश त्याला सोमालियाचाच भाग धरतात. बर्बेरा हे त्या सोमालीलँडचं मुख्य बंदर, त्यांची पैशाची पेटी म्हणा.

नावाचा आणि बर्बर या शब्दाचा संबंध आहे का?

ग्रीक लोक ज्यांची भाषा कळत नाही त्यांना सरसकट बार्बारोई म्हणायचे, आणि या किनाऱ्यालाही त्यांनी तेच नाव चिकटवलं. नंतर अरब भूगोलकार याच पट्टीला बर्बर लोकांचा मुलूख म्हणायला लागले, आणि गावाचं नाव त्याच शब्दाच्या कुळातलं. उत्तर आफ्रिकेतले मोरोक्को-अल्जेरियाचे बर्बर वेगळे, त्यांच्याशी घोळ घालू नका, हा घोळ खूप जण घालतात.

किती जुनं आहे?

इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने एक टिपणवही लिहिली, पेरिप्लस म्हणून ती ओळखली जाते, तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंत कुठल्या बंदरात काय विकतं आणि काय घ्यावं याची यादी. त्यात मलाओ नावाचं बंदर येतं. वर्णन असं की नांगर टाकायची जागा उघडी आहे पण पूर्वेकडून आलेल्या वाळूच्या दांड्याने तिला आडोसा मिळतो. दोन हजार वर्षांपूर्वीचं वाक्य आजच्या सॅटेलाइट फोटोला चिकटतं, म्हणून अभ्यासक मलाओ म्हणजे बर्बेरा मानतात. तिथून निघायचा माल म्हणजे बोळ, थोडासा धूप, दालचिनीचा एक कडक प्रकार, आणि क्वचित गुलाम.

आता आपल्या कामाची गोष्ट. याच वहीत पुढे सोपारा, कल्याण आणि चौल पण आहेत. आणि असंही लिहिलंय की भडोच आणि अरिआके म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्याकडून गहू, तांदूळ, तूप, तिळाचं तेल, सुती कापड आणि बोरूतला मध म्हणजे साखर, हे सगळं आफ्रिकेच्या त्या बंदरांवर जायचं. म्हणजे तुपाचा हा धंदा किमान दोन हजार वर्षं जुना, फक्त पुढे त्याची दिशा उलटी झाली. ते खाली जत्रेत येईलच.

अजून एक वाक्य लक्षात ठेवा. पेरिप्लसवाला म्हणतो की या किनाऱ्याला राजा नाही, प्रत्येक बंदराचा आपापला म्होरक्या.

बोळ म्हणजे तो हिराबोळ का?

तोच. बाळंतिणीला द्यायचा, घसा बसला की चघळायचा, चव अशी की तोंड वाकडं झालंच पाहिजे. माझ्या आजीच्या डब्यात असायचा आणि मला कित्येक वर्षं वाटायचं की हा कोकणातच कुठेतरी झाडाला लागतो. नाही. त्याची काटेरी झुडपं सोमाली आणि इथिओपियाच्या कोरड्या भागात वाढतात, सालीतून चीक येतो, तो वाळला की लालसर खडे. एकोणिसाव्या शतकात हा माल बर्बेराहून एडनमार्गे मुंबईत यायचा, मुंबईत निवडून त्याची प्रतवारी व्हायची आणि चांगला माल पुढे युरोपला जायचा. काष्ठौषधीच्या दुकानात पुडी घ्याल तेव्हा आठवा.

बर्बेराची जत्रा हे काय प्रकरण आहे?

हाच माझा सगळ्यात आवडता भाग, त्यामुळे लांबेल.

साधारण एकशे ऐंशी वर्षांपूर्वीचं बर्बेरा हे गाव नव्हतंच मुळी, तो एक हंगाम होता. ऑक्टोबर आला, वारा फिरला, की डोंगराकडून सोमाली कुटुंबं उतरायची आणि किनाऱ्यावर झोपड्या उभ्या करायची. लाकडी सांगाडे, त्यावर चटया आणि कातडी, बस. मग समोरून येमेनची छोटी गलबतं, आधी पोचून चार पैसे स्वस्तात माल उचलायला. मागोमाग मस्कत, सूर, बहरीन, बसऱ्याची मोठी जहाजं. आणि सगळ्यात शेवटी, घाई न करता, पोरबंदर, मांडवी आणि मुंबईचे बनिये आपल्या बोजड कोटियांमधून, म्हणजे शिडाच्या लाकडी जहाजांमधून.

ईस्ट इंडिया कंपनीच्या इंडियन नेव्हीचा क्रटेंडन नावाचा एक लेफ्टनंट होता, त्याने १८४८ च्या सुमारास हे लिहून ठेवलंय. तो सांगतो की या बनियांच्या जहाजांना दोन्ही अंगांना रिकाम्या तुपाच्या घड्यांच्या रांगा टांगलेल्या असायच्या, ते धक्के मारत पुढच्या रांगेत जागा पटकवायचे आणि भांडवल आणि हुशारीच्या जोरावर बाकी सगळ्यांना मागे टाकायचे. रिकामे घडे न्यायचे आणि सोमाली तूप भरून आणायचं. पेरिप्लसच्या काळात आपण तूप पाठवत होतो ना, आता उलट.

जमिनीच्या बाजूने उंटांचे काफिले. सगळ्यात मोठा हरारचा, इथिओपियाच्या डोंगरातल्या तटबंदीच्या शहरातून, कॉफी, हस्तिदंत आणि माणसं घेऊन येणारा. बाकीचे ओगादेन या आतल्या कोरड्या मुलखाकडून, डिंक, बोळ, कातडी, शहामृगाची पिसं, मेंढ्या आणि तूप घेऊन. बदल्यात कापड, तांदूळ, खजूर, लोखंड. भर हंगामात वीस हजार माणसं त्या वाळूवर असायची असा त्याचा अंदाज. भाषा डझनभर, गोंधळ प्रचंड, आणि पोलीस नाही, कोतवाल नाही. क्रटेंडन म्हणतो की इथे कुणी कुणाला मुखिया मानत नाही, जुन्या चालीरीती हाच कायदा. पेरिप्लसवाल्याचं वाक्य आठवलं? अठराशे वर्षांनी आलेला माणूसही जवळजवळ तेच लिहितो. दोघांनाही ते जरा खटकलेलं दिसतंय. मला विचाराल तर राजा नसताना वीस हजार लोकांचा बाजार दरवर्षी भरतो आणि लोक परत परत येतात, म्हणजे व्यवस्था होती, बाहेरच्याला दिसत नव्हती एवढंच.

मार्चअखेर सगळं उतरणीला. जहाजं भरून परत, काफिले डोंगरात, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तिथे काय, तर उंट-मेंढ्यांची हाडं आणि झोपड्यांचे सांगाडे, नीट रचून ठेवलेले, पुढच्या वर्षासाठी. उन्हाळ्यात गावच्या विहिरीवर सिंह पाणी प्यायला येतात असंही त्याने लिहिलंय.

आपल्याकडे कोळी लोक पावसाळ्यात होड्या वर ओढतात आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्र खुला होतो, त्याच वाऱ्याचं हे दुसरं टोक. आपण होड्या ओढून ठेवायचो, ते गाव.

पोलीस नाही तर बनिया लुटला जात नव्हता?

त्यासाठी अब्बान. परक्या व्यापाऱ्याने उतरल्याबरोबर एक स्थानिक सोमाली अब्बान धरायचा, त्याच्याशिवाय सौदाच नाही. हा माणूस तुमचा दलाल, दुभाषी, यजमान आणि बॉडीगार्ड, सगळं एकात. प्रत्येक खरेदी-विक्रीवर त्याचा हिस्सा, आणि बदल्यात तुमच्या जिवाची आणि मालाची जबाबदारी त्याच्यावर, म्हणजे पर्यायाने त्याच्या अख्ख्या कुळावर. तुम्हाला कुणी फसवलं तर वसुली तो करणार. आपल्या मार्केट यार्डातल्या अडत्याला भाला दिला की अब्बान तयार.

अर्थात ही कमाई चांगली, त्यामुळे अब्बान कुणी व्हायचं यावरून हबर अवल टोळीच्याच दोन शाखांत, अय्याल अहमद आणि अय्याल युनिस यांच्यात वर्षानुवर्षं मारामाऱ्या. एक शाखा म्हणे हा आमचा जुना हक्क, दुसरी म्हणे वाटणी द्या.

गुलामांचा व्यापार होता का? उगाच रोमँटिक करून सांगू नका.

होता. हरारच्या काफिल्यातून इथिओपियाच्या आतल्या भागातली माणसं, त्यात मुलं आणि बायका खूप, इथे विकली जायची आणि अरबस्तानात जायची. त्याच जत्रेत, त्याच तूप-कापडाच्या बाजारात. १८५६ च्या करारात इंग्रजांनी बर्बेरातला हा व्यापार बंद करायची अट घातली.

रिचर्ड बर्टनवर हल्ला झाला तो इथेच ना?

इथेच. बर्टन म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी, भाषांचा किडा, मराठीची सरकारी परीक्षा पण पास झालेला. १८५५ च्या जानेवारीत तो हरारला जाऊन आला, तिथे परक्या धर्माच्या माणसाला शिरकाव नाही अशी ख्याती, आणि हा दहा दिवस राहून सुखरूप बर्बेराला पोचला. मग एप्रिलमध्ये दुसऱ्या मोहिमेसाठी परत बर्बेरात तंबू ठोकले. सोबत स्पीक (तोच, पुढे नाईलच्या उगमावरून गाजलेला), हर्न आणि स्ट्रोयन.

चूक कुठे झाली ते वरची जत्रा वाचली असेल तर तुम्हीच सांगाल. एप्रिल! ओगादेनचा मोठा काफिला निघून गेला, त्याच्याबरोबर जायचं सोडून हे लोक एडनहून येणाऱ्या टपालाची वाट बघत थांबले. गाव गुंडाळलं गेलं, जहाजं गेली, अख्ख्या किनाऱ्यावर हेच तंबू उरले. १९ एप्रिलच्या पहाटे अंधारात शे-दोनशेच्या वर माणसं तुटून पडली. स्ट्रोयन मेला. स्पीक पकडला गेला, अंगावर अकरा जखमा, तरी निसटला. बर्टनच्या एका गालातून शिरलेला भाला दुसऱ्या गालातून बाहेर, आणि त्याच अवस्थेत तो बोटीपर्यंत पोचला. त्याच्या नंतरच्या फोटोंमध्ये गालावरचा तो व्रण स्पष्ट दिसतो. इंग्रजांनी मग बंदराची नाकेबंदी केली आणि त्यातूनच १८५६ चा करार झाला.

पोर्तुगीज इथे पण आले होते का?

आले होते. १५१८ मध्ये लुटून जाळून गेले. त्याआधीच्या वर्षी शेजारचं झैला जाळलं. आपल्या किनाऱ्यावर तेव्हा जे चाललं होतं तेच.

मुंबई सरकारचा बर्बेराशी काय संबंध?

एडन १८३९ मध्ये इंग्रजांनी घेतलं आणि मुंबई इलाख्याला जोडलं. एडनला काहीच पिकत नाही, नुसता खडक. मग तिथल्या फौजेला मटण कुठून? बर्बेराहून. इंग्रजांना या किनाऱ्यात जो रस होता तो खूपसा मेंढ्यांमुळे, हे ऐकायला विनोदी वाटेल पण खरं आहे.

मधल्या काळात, १८७० च्या दशकात, इजिप्तने बर्बेरा ताब्यात घेतलं. त्यांनी दीपगृह बांधलं, धक्का बांधला, मशिदी आणि दगडी इमारती उभ्या केल्या आणि दुबारच्या झऱ्यांचं पाणी नळाने गावात आणलं. हंगामी जत्रेचं कायमचं गाव झालं ते इथून, आणि नळ आल्यावर माणूस हलत नाही हे आपल्याला नवीन नाही. १८८४ मध्ये इजिप्तने काढता पाय घेतला आणि इंग्रज घुसले, स्थानिक टोळ्यांशी करार केले आणि बर्बेरा संरक्षित प्रदेशाची राजधानी झाली. १८९८ पर्यंत हा कारभार एडनमार्गे हिंदुस्थान सरकारकडे, मग लंडनने तो आपल्याकडे घेतला. रुपया मात्र दुसऱ्या महायुद्धापर्यंत तिथल्या बाजारात चालत राहिला.

तो ‘मॅड मुल्ला’ कोण?

हे इंग्रजांनी ठेवलेलं नाव, सोमाली माणसासमोर वापरू नका. सय्यद मोहम्मद अब्दुल्ला हसन, धर्मगुरू आणि जबरदस्त कवी. १८९५ मध्ये तो बर्बेरात राहून प्रचार करत होता, तिथल्या ख्रिस्ती मिशनवर भडकलेला, पण बर्बेराच्या व्यापाऱ्यांना त्याचा कडकपणा झेपला नाही आणि तो आत डोंगरापलीकडे गेला. १८९९ पासून वीस वर्षं त्याने इंग्रजांना झुंजवलं. त्याच्याविरुद्ध हिंदुस्थानी पलटणी पण आणल्या होत्या, खास करून शीख. शेवटी १९२० मध्ये १२ विमानं जहाजातून बर्बेराला उतरवली आणि त्याच्या किल्ल्यांवर बॉम्ब टाकले. आफ्रिकेत वसाहती लढाईचा विमानांनी निकाल लावायच्या सुरुवातीच्या प्रयोगांपैकी हा एक.

महायुद्धात काय झालं?

ऑगस्ट १९४० मध्ये इटलीने हल्ला केला, तुग अर्गानच्या खिंडीत चार-पाच दिवस लढाई झाली आणि इंग्रज बर्बेरातून जहाजात बसून एडनला पळाले. त्या लढाईत एरिक विल्सन नावाच्या कॅप्टनला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला आणि नंतर कळलं की गडी इटालियन कैदेत जिवंत आहे. मार्च १९४१ मध्ये एडनहून समुद्रमार्गे येऊन बर्बेरा परत घेतलं ते पंजाब रेजिमेंटच्या दोन बटालियननी, म्हणजे आपल्याच लोकांनी. त्यानंतर राजधानी हर्गेशाला गेली, आणि उकाडा बघता कुणी रडलं असेल असं वाटत नाही.

नासाचं काय प्रकरण आहे? खरं आहे का?

खरं आहे. १९६० च्या दशकाच्या शेवटी रशियाने इथे खोल पाण्याचं बंदर बांधलं, मग नौदलाचा तळ, आणि ४ किलोमीटरहून लांब धावपट्टी. १९७७ मध्ये सोमालिया इथिओपियाशी लढायला गेला, रशियाने इथिओपियाची बाजू घेतली, सोमालियाने रशियनांना हाकललं, आणि १९८० मध्ये तोच तळ अमेरिकेला वापरायला दिला. रशियनांनी बांधलेली ती धावपट्टी मग नासाने स्पेस शटलच्या इमर्जन्सी लँडिंगसाठी राखून ठेवली. शटल तिथे कधी उतरलं नाही.

आज तिथे काय चालतं?

मेंढ्या. काळ्या तोंडाच्या, पांढऱ्या अंगाच्या, बर्बेरा ब्लॅकहेड म्हणूनच ओळखतात. हजच्या आधीचे आठवडे म्हणजे तिथली दिवाळी, सौदीला जहाजंच्या जहाजं भरून मेंढ्या, शेळ्या, उंट जातात. जत्रा गेली पण हंगाम काही गेला नाही, फक्त वाऱ्याऐवजी आता चंद्राच्या कॅलेंडरवर चालतो, म्हणून दरवर्षी थोडा आधी सरकतो. सौदीने रोगाच्या भीतीने १९९८ मध्ये आणि परत २००० मध्ये आयात बंद केली, आणि ती बंदी २००९ मध्ये उठेपर्यंत किनाऱ्यापासून पार आतल्या धनगरापर्यंत सगळ्यांचं कंबरडं मोडलं.

दुसरं म्हणजे कंटेनर. इथिओपियाला समुद्र नाही आणि त्यांचा जवळपास सगळा माल जिबूतीवरून येतो, त्यातला वाटा ओढायचा बर्बेराचा प्रयत्न. २०१६ मध्ये दुबईच्या डीपी वर्ल्डने ३० वर्षांचा करार केला, ४४२ मिलियन डॉलरची योजना, आणि जून २०२१ मध्ये ४०० मीटरचा नवा धक्का सुरू झाला. मुंबईजवळच्या न्हावा शेवालाही हीच कंपनी टर्मिनल चालवते, त्यामुळे क्रेन ओळखीच्या वाटतील.

समुद्री चाचे?

पुन्हा तेच. चाच्यांचे अड्डे मुख्यतः पूर्वेला पुंटलँडच्या आणि त्याखालच्या मध्य सोमालियाच्या किनाऱ्यावर होते. बर्बेरा त्यातलं नाही, उलट पकडलेल्या चाच्यांना इथल्या तुरुंगात ठेवायचे. ज्याचं दुकान बंदरावर चालतं तो जहाजं पळवत नाही.

बघण्यासारखं काय?

दारोले हा जुना भाग, इजिप्शियन-तुर्की धाटणीच्या इमारती, निम्म्या पडायला आलेल्या, नक्षीच्या लाकडी खिडक्या, आणि त्याखाली बसून चहा पिणारे म्हातारे. लांब रिकामा बीच. हर्गेशाच्या रस्त्याला लागलं की लास गील, दगडाच्या कपारीत हजारो वर्षं जुनी गायींची चित्रं, लाल-पांढरे रंग अजून टवटवीत. बाहेरच्या जगाला ती २००२ मध्ये कळली, धनगरांना आधीपासून माहीत होतीच. जायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि निघायच्या आधी परराष्ट्र खात्याची सूचना बघा, सोमालियासाठीचे इशारे या भागालाही लागू होतात.

आपल्याला जेवण जमेल?

शाकाहारी असाल तर डाळ-भातावर दिवस काढावे लागतील. बाकीच्यांना मजा. भात म्हणजे बरीस, त्यावर मटण किंवा उंटाचं मांस आणि बाजूला केळं, हो, भाताबरोबरच खायचं. मासे बंदराच्या गावात ताजे मिळतात. समोसा म्हणजे सांबूस, आत खिमा. चपातीला जबाती म्हणतात. चहा म्हणजे शाह, वेलची-दालचिनी घातलेला आणि इतका गोड की आपल्या टपरीवाल्याने पण हात आखडता घेतला असता.

कोटिया अजून जातात का?

लाकडी जहाजं कच्छ-सौराष्ट्रातून अजूनही सोमाली बंदरांवर जातात, मांडवीला ती आजही बांधतात. आता शिडं नाहीत, डिझेल इंजिन आहे, आणि पोटात तांदूळ, साखर, असला किराणा. पावसाळ्यात अजूनही बंद.